भंडारदऱ्याला धरणाकाठी १ मे: शेंडीतल्या घरगुती मुक्कामाचा आमचा अनुभव

यंदा १ मे शुक्रवारी आला, त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा, आणि लागून शनिवार-रविवार. मुंबईतून जो तो लोणावळा, पवना, महाबळेश्वर करत निघालेला. आम्ही भंडारदऱ्याला गेलो. ३० एप्रिल आणि १ मे अशा दोन रात्री शेंडी गावात एका कुटुंबाच्या घरी राहिलो. उन्हाळ्यात धरणाकाठी जावं की नाही, वयस्कर माणूस सोबत असेल तर कसं जमतं, जेवणखाण, पाणी, खर्च, सगळं लिहिते. जाणाऱ्यांना उपयोग होईल. घराचं नाव आणि नंबर मात्र देत नाही. पाहुण्यांसाठी दोनच खोल्या आहेत, आणि त्या घरच्या दादांनीच सांगितलं, "ताई, नंबर टाकू नका, फोन उचलायला घरात माणूस नाय." शेंडीत अशी घरं बरीच आहेत. नाक्यावर कुणालाही विचारलं तरी दाखवतात.

आम्ही लालबागचे. माझे सासरे, आबा, ८४ वर्षांचे. लोअर परळच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, १९८२चा संप होईपर्यंत. १ मे १९६०ला ते १८ वर्षांचे होते. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन दोन्ही एकाच तारखेला, त्यामुळे आमच्या घरात गणपती-दिवाळीनंतर हाच सण. दरवर्षी आबा पहाटे उठून आंघोळ करतात, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी घालतात आणि हुतात्मा चौकात जाऊन मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्यासमोर उभे राहतात. माझ्या लग्नाला २७ वर्षं झाली, यात खंड पडलेला मी पाहिला नाही. यंदा फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गर्दीत उभं राहणं डॉक्टरांनी बंद केलं. शिवाजी पार्कचं संचलन टीव्हीवर बघू म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत, नुसते खिडकीशी जाऊन बसले. तेव्हा माझे मिस्टर म्हणाले, आपण सगळेच कुठेतरी जाऊ, पाण्याकाठी, मोकळ्या हवेला. आबांची अट एकच: झेंडावंदन चुकता कामा नये.

मी पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. बुद्धपौर्णिमेमुळे आमच्या वॉर्डात त्या दिवशी सुट्टीची ओढाताण होती. ज्या सिस्टरने माझ्या ड्युट्या घेतल्या, तिच्या मुलीच्या लग्नात मी चार नाइट करून देणार आहे. हे अशासाठी सांगते की ही सुट्टी आम्हाला सहज मिळालेली नव्हती, आणि ती वाया जाऊ नये म्हणून मी चौकशी फार कसून केली.

जागा ठरवण्याआधी मी सात ठिकाणी फोन केले. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले. कमोड आहे का? बोटीत लाइफ जॅकेट मिळतात का? आणि १ मेला सकाळी जवळपास झेंडावंदन कुठे होतं? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी "मॅडम, आमच्याकडे महाराष्ट्र दिन स्पेशल आहे, डीजे, बार्बेक्यू, अनलिमिटेड स्टार्टर" अशी उत्तरं दिली. एका टेंटवाल्याकडे तर मी आधीच २,००० रुपये भरून बसले होते. त्याने पाठवलेल्या फोटोत तंबूच्या दाराशी पाणी. एप्रिल-मेमध्ये पाणी कुठे असतं विचारलं तर म्हणाला, "अगदी टेंटला लागून." लाइफ जॅकेटचं विचारलं तर म्हणाला, "बोटवाला बघतो ते." मी बुकिंग रद्द केलं, तर १,००० परत आले आणि १,००० गेले. रद्द केलं तर किती कापणार हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या, हे मी त्यातून शिकले.

शेंडीतल्या या दादांनी फोनवर एवढंच सांगितलं, "शाळेत सातला झेंडा होतो. बाबांना खुर्ची ठेवायला सांगतो गुरुजींना." मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

रस्ता आता फार सोपा झालाय. पूर्वी कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की तास-दीड तास गेलाच समजायचा. गेल्या वर्षी ५ जूनला समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आम्ही ठाणे-भिवंडीकडून आमण्याला त्यावर चढलो, इगतपुरीजवळचा जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा पार करून उतरलो आणि घोटीवरून बारीच्या रस्त्याला लागलो. मध्ये चहाला थांबूनही चार तासांत शेंडी. बाइकवाल्यांनी लक्षात ठेवा, समृद्धीवर दुचाकी चालत नाही, तुम्हाला कसाऱ्यावरूनच यावं लागेल. पेट्रोल आणि रोख पैसे घोटीलाच घ्या, पुढे नेटवर्क जातं-येतं आणि मोबाइलवरून पैसे भरताना अडकायला होतं. बारीच्या अलीकडे उजव्या-डाव्या हाताला डोंगर सुरू झाले की आबांना पुढच्या सीटवर बसवा, म्हणजे तुमच्या आबांना. १,६४६ मीटरचं कळसूबाई, महाराष्ट्राचं सर्वात उंच शिखर, गाडीतून इतकं जवळ दिसतं की वरचं देऊळ शोधायला माझी भाची खिडकीतून अर्धी बाहेर.

घर कौलारू. पुढे पडवी, सारवलेलं अंगण, अंगणात आंब्याचं झाड, आणि त्यापलीकडे उतार थेट धरणाकडे जातो. खोल्या साध्या, फरशी, पंखा, दोन खाटा आणि जमिनीवर गाद्या. चादरी उन्हात वाळवलेल्या, वास आला की कळतं. एसी नाही. दुपारी १२ ते ४ खोलीत उकडतं हे खरं, पण सगळं घर त्या वेळी आंब्याखालीच असतं, आम्हीही तिथेच पडून राहिलो. रात्री मात्र गारवा असा की आबांनी चादर मागितली. मेच्या पहिल्या तारखेला! लालबागच्या माणसाला याचं मोल कळेल.

संडासाबद्दल सविस्तर लिहिते, कारण वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्याला बाकी कशापेक्षा याचीच काळजी असते आणि कुणी लिहीत नाही. कमोड होता, स्वच्छ होता, पण खोलीपासून पंधरा पावलं अंगणातून चालून. धरायला दांडा नव्हता. मी फोनवर गुडघ्याचं सांगितलं होतं, तर आम्ही पोचलो तेव्हा दादांनी भिंतीला बांबूचा आडवा दांडा दोन क्लॅम्प मारून बसवला होता, आणि उंबऱ्यापाशी दगडाची एक पायरी वाढवली होती. मी दांड्याला लोंबकळून पाहिलं, हलला नाही. ऑपरेशननंतरचे पेशंट मी रोज उठवते-बसवते. हजारो रुपये घेणाऱ्या हॉटेलांत अशा माणसासाठी एवढी सोय केलेली मी पाहिलेली नाही. रात्री अंगणात उजेड कमी होता, तेवढी एक तक्रार. बॅटरी सोबत न्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पायरीवर बल्ब लावला.

आता धरणाचं. तिथे तळं कुणी म्हणत नाही, धरणच म्हणतात. मे महिन्यात पाणी काठोकाठ असेल या समजुतीने जाऊ नका. खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतीला उन्हाळी आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी सोडतात, पाणी उतरतच जातं. पावसाळ्यात जिथे लाटा लागतात तिथून पाण्यापर्यंत आम्ही पावलं मोजत गेलो, २६० भरली. त्या उतारावर पायऱ्यांसारख्या रेघा असतात. पाणी थोडं उतरतं, काही दिवस थांबतं, परत उतरतं, तशी एकेक रेघ. वरची माती पांढरट, भेगा पडलेली, एकेका भेगेत बोट जाईल अशी. मग शिंपले, मग वठलेले बुंधे, मग गुरांच्या खुरांचे ठसे, गाळ ओला असताना उमटलेले आणि तसेच कडक झालेले. भाचीने एका ठशात आपली मूठ बसवून पाहिली. अगदी शेवटी काळी ओली माती, तिथे चप्पल रुतते, आणि मग हिरवं, थंड, स्थिर पाणी. समोर रतनगड. चार वाजले की पाण्यावरून वारा सुटतो आणि सगळा उन्हाळा विसरायला होतो.

मला हे रूप आवडलं. भरलेलं धरण सगळ्यांनी फोटोत पाहिलंय, पण उतरलेल्या धरणात पाण्याचा हिशेब दिसतो. दादांचे वडील आमच्याबरोबर खाली आले होते. त्यांनी काठीने एकेक रेघ दाखवून कुठलं पाणी कधी सुटलं ते सांगितलं. धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, हा आकडा त्यांना तोंडपाठ, आपल्याला लोकलचं टाइमटेबल असतं तसा. १९१० साली काम सुरू झालं, १० डिसेंबर १९२६ला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. येत्या डिसेंबरात १०० वर्षं पुरी होतील. ८२ मीटर उंच दगडी भिंत, आणि अजून तिच्या भरवशावर खाली ऊस उभा आहे. आबांनी विचारलं, दगड फोडायला माणसं कुठली होती? ते म्हणाले, आमचीच. दोघं म्हातारे मग बराच वेळ काही न बोलता पाण्याकडे बघत बसले.

इतकं पाणी डोळ्यांसमोर, आणि घरच्या नळाला एक दिवसाआड पाऊण तास. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. माझ्या मुलाने संध्याकाळी नेहमीप्रमाणे दोन बादल्या आंघोळीला घेतल्या. सकाळी साडेपाचला मी उठले तर घरच्या वहिनी डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन विहिरीवरून चढ चढत होत्या. तिसरी खेप होती त्यांची. पाहुणे आल्यापासून दोन खेपा वाढल्या होत्या आणि त्यांनी आम्हाला एका शब्दाने जाणवू दिलं नव्हतं. मी कळशी घेतली तर "ताई, तुम्ही पाहुणे" म्हणून सोडेनात. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी अर्ध्या बादलीत आंघोळी केल्या आणि मुलगा दोन्ही दिवस विहिरीवर गेला. जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, उन्हाळ्यात तिथे शॉवर शोधू नका. पाण्याचं ते लोक बोलणार नाहीत, आपण विचारायला हवं.

१ मेची सकाळ. साडेसहाला आबा तयार, सदरा, टोपी, छातीवर छोटा कागदी तिरंगा. शाळा घरापासून पाच मिनिटांवर, जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत. फाटकापासून पटांगणभर रांगोळी, चुन्याने आखलेल्या रेघांवर मुलं उभी. गुरुजींनी खरोखर खुर्ची ठेवली होती, झेंड्याच्या खांबापासून तीन हातांवर, सावलीत. आबा खुर्चीत बसलेच नाहीत. एका हाताने खुर्चीची पाठ धरून उभे राहिले, राष्ट्रगीत आणि राज्यगीत दोन्ही संपेपर्यंत. झेंडा उघडला तेव्हा आतली झेंडूची फुलं खाली आली, त्यातल्या दोन पाकळ्या त्यांच्या टोपीवर. मी त्या काढायला हात पुढे केला, तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

आपल्या शाळांतून १ मेला निकाल लागायचा, आठवतं ना? इथे अजून तसंच. झेंडावंदन झाल्यावर गुरुजींनी प्रगतीपुस्तकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि आबांना म्हणाले, बाबा, तुमच्या हातून द्या. मुलं ४१. आबा प्रत्येकाला नाव विचारायचे, वडील काय करतात विचारायचे, मग पान उघडून गुण मोठ्याने वाचायचे आणि पाठीवर हात ठेवायचे. कार्यक्रम पंधरा मिनिटांचा, तास लागला. कुणी घाई केली नाही. मागे आया उभ्या होत्या, त्यांच्यात आमच्या घरच्या वहिनी, त्यांची मुलगी चौथीत. तिचं पान उघडल्यावर आबांनी गणिताचे गुण दोनदा वाचले. आता तिला पाचवीला दुसरी शाळा. शेवटी सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या आणि बिस्किटं. गुरुजींनी चार शब्द बोला म्हटलं. आबांनी मुलांना सांगितलं की १९६० सालच्या या दिवशी मुंबईत रस्तोरस्ती रोषणाई होती, मी गिरणीतल्या मित्रांबरोबर रात्रभर पायी फिरलो आणि माझी एक चप्पल दादरला हरवली. मुलं खूप हसली. एकाने विचारलं, मग दुसरीचं काय केलं? आबा म्हणाले, घरी आणली, आईने ठेवून दिली होती. हे मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं.

तिथून ग्रामपंचायतीत. १ मेला ग्रामसभा असते, ती भरायच्या तयारीत होती. आम्ही चहा घेऊन निघालो.

जेवणाला मी पैकीच्या पैकी गुण देते, आणि कारण सांगते. मेनू विचारत नाहीत, घरात शिजेल ते. पहिल्या रात्री तांदळाची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. १ मेला दुपारी गावठी आंब्यांचा रस, घट्ट नाही, रेषाळ, आंबटगोड. हापूसची सवय असलेल्यांना पहिला घास वेगळा लागेल, दुसऱ्या वाटीला तोच हवासा वाटतो. मुलांनी रानातून करवंदं आणली, टोपलीभर, काळीभोर, चिकाने ओठ चिकटेपर्यंत खाल्ली. आणि संध्याकाळी शेंगोळे. मुंबईत हे कुठे मिळत नाहीत म्हणून मी वहिनींच्या शेजारी चुलीपाशी बसून पाहून घेतले. हुलग्याचं पीठ, त्यात लसूण, तिखट, जिरं, मीठ, हळद, पाणी बेताचं, गोळा घट्ट. मग सुपारीएवढा गोळा घेऊन दोन तळहातांत वळायचा, पिठाची दोरी खाली लोंबत येते, करंगळीहून बारीक झाली की तिची टोकं जोडून कडं करायचं. मी चार श्वास घ्यायच्या आत त्यांचं एक कडं व्हायचं. माझी दोरी मध्येच तुटायची. पिठात पाणी जास्त झालं की तुटते, त्या म्हणाल्या. मग लसणाच्या फोडणीचं पाणी खळखळून उकळलं की त्यात सोडायची. रस दाट होतो तो शेंगोळ्यांच्याच पिठाने, वेगळं काही लावायचं नाही. वर कच्चं तेल आणि सोबत भात. आबांनी दोन वाट्या संपवल्या, गुडघा दुखायला लागल्यापासून त्यांनी इतकं जेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

दोन उणिवा. चहा फार गोड, आबांना मधुमेह नसला तरी मला काळजी, सांगितल्यावर कमी केला. आणि मासे घेणार असाल तर लहान मुलांना देऊ नका, धरणातले बारीक मासे काट्याचे असतात. चव उत्तम.

बोटीबद्दल नीट वाचा. १ मेला दुपारी काठावर गर्दी वाढली. एका बोटवाल्याने आम्हाला बोलावलं, बोटीत आधीच नऊ माणसं, जॅकेट तीन, तीही खाली भिजत पडलेली. मी नाही म्हटलं. मुलगा चिडला, सगळे जातायत, तूच एवढी घाबरतेस. बुडालेलं माणूस वॉर्डात येतं तेव्हा त्याच्या आईला जे सांगावं लागतं ते मी सांगते, हे त्याला माहीत नाही. मी काठावर बसून राहिले आणि भाचीचा हात सोडला नाही. तासाभराने दादांच्या ओळखीचा माणूस आला. पाच माणसं, पाच जॅकेट, प्रत्येकाचं बक्कल त्याने स्वतः ओढून बघितलं, भाचीला लहान मापाचं दिलं. अर्धा तास फिरवलं. मधोमध त्याने इंजिन बंद केलं, नुसतं पाणी बोटीला लागल्याचा आवाज. मुलगा परतल्यावर माझ्याजवळ येऊन बसला. उतरलेल्या धरणातही मधे खोली खूप असते आणि गाळात पाय अडकतो. पोहता येतं म्हणून उतरू नका, जॅकेट नसेल तर चढू नका.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ गाडीने धरणाला वळसा घालून पाहता येतं. शिलाहारकालीन, दगडावर नक्षी इतकी की डोळा ठरत नाही. पुष्करणीच्या भिंतीतली देवकोष्ठं, म्हणजे देवांचे कोनाडे, चुकवू नका. सकाळी आठच्या आत गेलात तर दगड तापलेला नसतो, आम्ही २ मेला तसंच केलं. रंधा धबधबा मेमध्ये पाहायला जायची घाई नको, पाणी सोडलेलं असेल तरच त्यात काही दिसतं. काजवे पाहिजेत तर मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत या, पण तेव्हाची गर्दी वेगळीच असते असं घरचे म्हणाले. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते. ती जपून ठेवा.

पौर्णिमेची रात्र. शेंडीहून धरण पश्चिमेला, म्हणजे सूर्य पाण्यावर मावळतो आणि चंद्र आपल्या पाठीमागून, भिंतीच्या अंगाने उगवतो. सातच्या सुमारास एकीकडे लाली आणि दुसरीकडे तांबूस मोठा चंद्र, मान फिरवत राहिलो. नऊला सगळा उतार उजळला, त्या पायऱ्यांच्या रेघा एकेक मोजता येतील अशा. आणि तेव्हाच काठावरच्या तंबूंतून डीजे सुरू झाला. दिवसभर जे मनात साठलं होतं ते त्या ठणाण्याने विस्कटलं. भाची कानांवर हात ठेवून झोपायचा प्रयत्न करत होती. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर वाजवायला कायद्याने बंदी आहे, त्यात हे अभयारण्य. सव्वादहाला दादा एकटे बॅटरी घेऊन उतरले. आवाज कमी झाला, परत वाढला, ते परत गेले. पावणेबाराला बंद झाला. पाहुण्यांची झोप मोडू नये म्हणून तो माणूस दोनदा तो उतार चढला-उतरला, पहाटे पाचला उठायचं असताना. मुंबईहून जाणाऱ्यांनो, तो आवाज आपलाच असतो. गाणी आपण गाडीतूनच नेतो.

पहाटे पाचला मला जाग आली. चंद्र आता समोर होता, पाण्यावर उतरत, रतनगडाच्या रांगेकडे. आबा पडवीत आधीच बसलेले. आम्ही दोघांनी काळा चहा घेतला आणि चंद्र डोंगराआड जाईपर्यंत बसलो.

खर्च लिहिते. माणशी दिवसाला १,३०० रुपये, त्यात नाश्ता, दोन जेवणं, चहा हवा तेवढा. भाचीचे अर्धे घेतले. बोटीचे वेगळे. करवंदांचे, शेंगोळ्यांचे, बांबूच्या दांड्याचे काही घेतले नाहीत. आम्ही निघताना वहिनींच्या मुलीला पाचवीच्या वह्यांसाठी पैसे दिले, ते त्यांनी दोनदा परत केले आणि तिसऱ्यांदा आबांनी मुलीच्या हातात ठेवल्यावर घेतले.

२ मेला निघायच्या वेळी दादांचे वडील धुतलेला सदरा घालून कुठेतरी निघालेले. आबांनी विचारलं तर म्हणाले, आज राघोजींची पुण्यतिथी. राघोजी भांगरे, याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध उठले आणि २ मे १८४८ला त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. "तुमच्याकडेच," ते म्हणाले. आबा ६० वर्षांहून जास्त मुंबई-ठाण्यात वावरलेले, ठाण्याच्या कारागृहाच्या भिंतीजवळून शेकडो वेळा गेलेले, त्यांना तारीख माहीत नव्हती. गाडीत बसल्यावर घोटीपर्यंत ते गप्प होते.

भिवंडीवरून सरळ घरी न जाता आम्ही ठाण्यात आत वळलो. कारागृहाच्या भिंतीपाशी गाडी थांबवायला जागा नव्हती, मिस्टरांनी वेग कमी केला. आबांनी काच खाली केली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बसल्या जागेवरून हात जोडले. टोपीच्या घडीत कालची झेंडूची एक पाकळी होती, सुकून काळपट झालेली. मागून हॉर्न वाजायला लागले तशी आम्ही पुढे निघालो.